वीस गोळ्या, एकवीस भोकं

आमच्या रायफल क्लबच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक टार्गेट लावलेलं आहे. काळ्या गोलाच्या मधोमध पाच भोकं, एकमेकांना खेटून. खाली एका पाहुण्यांचं नाव, सोनेरी अक्षरांत. ती पाचही भोकं पेन्सिलीची आहेत. हे क्लबात सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्यांना तेवढं नाही. मी सेक्रेटरी असल्यामुळे ती काच दर दिवाळीला मीच पुसतो, आणि पुसताना मला दुसरं एक टार्गेट आठवतं. ते कुठेच लावलेलं नाही.

क्लब म्हणजे फार काही समजू नका. आदिलाबादच्या बाहेर, गुडीहत्नूरच्या रस्त्याला, कापसाची एक बंद पडलेली जिनिंग आहे. तिच्या मागे पत्र्याचं शेड, पन्नास मीटरवर मातीचा उंच बांध, आणि मध्ये कपड्यांना चिकटणारं गवत. मेंबर वीसेक. दोन डॉक्टर, एक वकील, काही हेडमास्तर, बाकीचे निवृत्त. आमची सगळ्यांची घराणी कधीकाळी वऱ्हाडातून इकडे आली. आजोबांनी शेती केली, वडिलांनी नोकरी केली, आणि आम्ही रविवारी सकाळी पोट जमिनीला टेकवून निशाणं लावतो. मी बँकेत आहे. अक्षर चांगलं आहे म्हणून बारा वर्षांपूर्वी मला सेक्रेटरी केलं. अक्षर अजून बिघडलेलं नाही, त्यामुळे पद सुटत नाही.

क्लबचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात उरलेल्या गोळ्या असायच्या. कुठल्या तरी पिवळ्या खोक्यातल्या, कुठल्या लाल खोक्यातल्या, काही जुन्या मेणचट काळपट, आणि काही अशा की त्यांचं खोकं पाहिलेला माणूस क्लबात उरला नव्हता. गोळी दिसायला सारखीच, पण एका रायफलीतून एकाच नेमावर मारा, पिवळी वर जायची, लाल उजवीकडे उतरायची, मेणचट कधी जायची, कधी नुसती टिक् करून बसून राहायची. असल्या गोळ्यांवर आपले मार्क कोण घालवणार? प्रत्येक जण नवं खोकं फोडायचा आणि उरलेल्या चार डब्यात टाकायचा. मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणारा साहेब आधी शिल्लक विचारायचा, आणि शिल्लक दिसली की नव्या गोळ्या कमी मंजूर करायचा. म्हणून ‘जुन्या गोळ्या आधी संपवाव्यात’ हा ठराव आम्ही दर वार्षिक सभेत एकमताने पास करत असू. सभा संपली की नवं खोकं फोडत असू.

याशिवाय एक निळं खोकं असायचं. आपल्याकडे घरोघरी चांगल्या कपबशा शोकेसमध्ये असतात, घरचे लोक कान तुटलेल्या कपातून पितात. तसं ते खोकं. एका जातीच्या, एका घाण्याच्या पन्नास गोळ्या. कपाटात कुलपात, पाहुण्यांसाठी. कुलपाची किल्ली माझ्याकडे. आता बारा वर्षं किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने कधी शोकेसमधल्या कपातून चहा घेतलाच नसेल असं तुम्ही समजणार नाही. एक अर्धं निळं खोकं कपाटात मागच्या बाजूला, फाइलींच्या आड असायचं. ते माझं. आणि एवढ्या उंची गोळ्या मारूनही माझं प्रत्येक निशाण मधल्या गोलापासून दोन बोटं डावीकडे जायचं. मी तीनदा चष्मा बदलला. एकदा कोपराला मालिश करून घेतली. आदिलाबादचा वारा उलटा आहे असंही काही दिवस म्हणून पाहिलं.

तर एका वर्षी वरून पत्र आलं की क्लबात निदान एक महिला मेंबर दाखवा. आम्ही आपापल्या घरी विचारलं. डॉक्टरांच्या बायकोने आवाजाचं कारण सांगितलं. माझी बायको म्हणाली, मला शिकवाल तर पहिली गोळी तुमच्यावरच मारीन. तेव्हा मला मंडईतली भाजीवाली आठवली.

तिचं गाव गुडीहत्नूरकडचं. वडलांची दीड एकरात वांगी, कोबी, सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. बारावी झालेली, वय पंचविशीच्या आत, रोज सकाळी बसने माल घेऊन मंडईत यायची. एकदा मी वांगी घेत होतो, आणि शेजारच्या ओळीत एक वळू कोबीत तोंड घालायला निघाला होता. तिने तराजू हातात तसाच धरून दुसऱ्या हाताने एक बटाटा उचलला आणि वीस पावलांवरून वळूच्या नाकावर मारला. नेमका नाकावर. वळू गेला, आणि तिने माझी वांगी तोलली. मला वाटलं, चुकून लागला असेल. पुढच्या आठवड्यात वळू पुन्हा आला आणि पुन्हा नाकावर.

मी तिला विचारलं, रायफल चालवशील का.

‘फी किती हाय भाऊ?’

‘बायांना माफ हाय.’

‘अन् गोळ्या?’

‘डब्यातल्या. फुकट.’

‘फुकट देऊन राह्यले म्हंजे खराब असतीन,’ ती म्हणाली. ‘पण येईन.’

डॉक्टर खूश झाले. महिला मेंबरही झाली आणि डबाही संपणार. घरात शिळं कोणी खायचं हे कधी बसून ठरवावं लागत नाही, तसं तेही कोणी ठरवलं नाही. तिच्यासमोर डबा ठेवला, एवढंच.

पहिल्या रविवारी तिच्या गोळ्या टार्गेटभर पसरल्या. आम्ही समजुतीने हसलो. दुसऱ्या रविवारी तिने एक स्वच्छ पोतं आणलं, त्यावर डबा उपडा केला आणि मांडी घालून गोळ्या निवडायला बसली. भाजी निवडतात तशा. एकेक गोळी बोटांत फिरवायची, बुडाशी बघायची, तळहातावर तोलायची आणि ढिगाला लावायची. पाच ढीग झाले. मग प्रत्येक ढिगातल्या तीन-तीन मारून त्या कुठे जातात ते ध्यानात ठेवलं.

‘हे पिवळी वर उडते,’ तिने मला समजावलं. ‘हिले पायाशी धरा लागते. लाल उजवीकडं पळते, तिले डावीकडून हाका लागते. अन् हे काळी लई आळशी हाय, तिच्या भरोशावर राह्याचंच नायी.’

‘अन् एवढं ध्यानात कसं राहते तुह्या?’

‘गिऱ्हाईक ध्यानात राह्यते ना भाऊ. गोळी तं बोलत बी नायी.’

सहा महिन्यांत ती आमच्या सगळ्यांच्या पुढे गेली. डॉक्टर म्हणाले, नवशिक्याचं नशीब. वकील म्हणाले, बायकांचं टार्गेट सोपं असतं. टार्गेट एकच होतं. तिचा खरा नेम ओळखणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मामा. मामा पोलिसातून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. बांधाजवळच्या विटांच्या खड्ड्यात बसून टार्गेट बदलायचे आणि भोकं मोजायचे. कानामागे कायम पेन्सिल. पाहुणा आला की तिचा खरा उपयोग. पाहुण्याची गोळी कुठेही जावो, मामा टार्गेट घेऊन यायचे ते मधोमध पाच भोकं असलेलंच. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, ‘घरी आलेल्या माणसाले आपण उपाशी नायी धाडत. मंग पाहुण्याची गोळी मातीत कशी ठेवाव?’

मला ते पटलं होतं. अजूनही थोडं पटतं, हीच पंचाईत आहे.

त्या वर्षी ठरलं की हैदराबादहून निरीक्षक येणार आणि आमच्या वार्षिक स्पर्धेतच राज्य स्पर्धेसाठी निवड करणार. आम्हाला ती मजा होती. तिला नव्हती. पोलिसात शिपायांच्या जागा निघायच्या होत्या, त्यांत खेळाडूंना काही राखीव होत्या. त्यासाठी राज्याला खेळल्याचा दाखला लागत होता, आणि तिचं वय पुढच्या वर्षी निघणार होतं. ‘मंडईत बसाले वयाची अट नायी,’ ती म्हणाली, ‘म्हणून तं तिथं सगळेच म्हातारे होऊन राह्यले.’

स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी ती वांग्यांच्या पाट्यांमागून मला म्हणाली, ‘भाऊ, त्या दिवशी मले निळ्या खोक्यातल्या देनार म्हनता. तं आधी धा गोळ्या द्या ना. वळख करून घ्या लागते.’

‘सील हाय त्याले. पाहुण्यांसमोर फोडाचं हाय. अन् चांगल्या गोळीची वळख कायले पाह्यजे? ते सरळच जाते.’

सीलचं खरं होतं. पण मागचं अर्धं खोकं सीलबंद नव्हतं. मला ते त्या क्षणीही आठवलं होतं. मी वांगी घेतली आणि निघालो. तिने नेहमीसारखा वर सांबार टाकला.

स्पर्धेच्या दिवशी पाहुणे आले. भैंसा गावचे जिनिंगवाले, माणूस साधा आणि हसरा. त्यांच्याबरोबर मेहुणा, ड्रायव्हर आणि मोबाईल घेऊन फोटो काढणारी तीन-चार माणसं. मी निळं खोकं सर्वांसमोर फोडलं. पाहुणे आडवे झाले, त्यांना दोघांनी आडवं केलं म्हणा. पहिली गोळी बांधात, दुसरी बांधात, तिसरी टार्गेटच्या लाकडी पायात, उरलेल्या दोन कुठे गेल्या ते देवाला माहीत. मामा टार्गेट घेऊन आले. मधोमध पाच. टाळ्या. पाहुणे उठून अंगावरचं गवत झटकत म्हणाले, ‘पहिल्यांदाच हातात घेतली हो मी.’ मग मेहुण्याला मोह झाला, मग ड्रायव्हरला, मग फोटोवाल्यांना, आणि पाचांवर कोणी थांबेना. मी गोळ्या देत गेलो. खोकं हलकं होताना मला हाताला कळत होतं, आणि दर वेळी मी म्हणत होतो, ‘घ्या ना, घ्या.’ त्या माझ्या आवाजाची मला आजही चीड येते.

निरीक्षक एक वाळका, निवृत्त माणूस होता, खिशात भिंग. त्याने पाहुण्यांचं टार्गेट भिंगाखाली धरलं, मग पाहुण्यांकडे पाहिलं, मग ‘बढ़िया’ म्हणून परत दिलं. गोळीच्या भोकाला कडेने करड्या रंगाची रेघ येते, पेन्सिलीच्या भोकाला येत नाही. हे मला माहीत होतं, आणि त्यालाही माहीत होतं.

तिची पाळी आली. तिने माझ्यासमोर हात केला. मी रिकामं खोकं दाखवलं.

‘संपलं वो,’ मी म्हणालो. ‘पाहुणे होते.’

ती खोक्यात बघत राहिली, तळाशी एखादी चिकटली असेल तर म्हणून. मग म्हणाली, ‘मंग डब्बा द्या.’

पोत्यावर तिने वीस गोळ्या निवडल्या. जातवार ओळी लावल्या. एक ओळ संपली की थोडी थांबायची, नेम सरकवायची आणि पुढच्या ओळीला हात घालायची. आमच्यापैकी कोणीही त्या वीस गोळ्या एका परातीतही पाडू शकला नसता. मामा टार्गेट घेऊन पळतच आले. काळ्या गोलात सगळी गर्दी, एकच काय ती जरा बाहेर. मला वाटलं, गेलो आपण सुटून. खोकं नाही दिलं तरी झालं की.

निरीक्षकाने भिंगाखाली भोकं मोजली. पुन्हा मोजली. मग आमच्याकडे बघून म्हणाला, ‘बीस गोली, इक्कीस छेद?’

सगळ्यांची नजर मामांच्या कानामागे गेली. मामा मुळीच घाबरले नाहीत. उलट त्यांना वाटलं, आपण समजावून सांगितलं की झालं.

‘साहेब, एक गोळी जराशी बाहेर गेल्ती. म्हणून मधात एक वर टाकलं. हे पोरगी मले आजपर्यंत बिना सांबाराची भाजी नायी देल्ली. मी एक भोक बी देऊ नये?’

मी ते हिंदीत केलं. निरीक्षकाने टार्गेट पुन्हा उजेडात धरलं. मग म्हणाला, ‘बीस सच्चे हैं, मुझे दिखता है. मगर मैं लिखूँ क्या?’ त्याने टार्गेट रद्द केलं. माणूस न्यायी होता. दहा गोळ्यांचं नवं टार्गेट त्याने स्वतः जाऊन लावलं, मामांना माझ्या शेजारी बसवलं आणि पेन्सिल काढून घेतली. शंभरात नव्वद आले तर निवड, म्हणाला.

ती डब्याकडे गेली. ओळखीच्या, भरवशाच्या नऊच निघाल्या. बाकी काळ्या. तेव्हा मी शर्टाच्या खिशात हात घातला. माझी पाळी शेवटी होती, त्यासाठी सकाळीच मी मागच्या खोक्यातल्या दहा घेऊन ठेवल्या होत्या. त्या तिच्यासमोर धरल्या. निळ्या खोक्यातल्या, चकचकीत.

तिने माझ्या खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कुठून आल्या ते विचारलं नाही.

‘सगळ्या घे,’ मी म्हणालो.

‘याईची वळख नायी मले. नऊ माह्या हायेत. एकच द्या.’ तिने एक उचलली, तळहातावर तोलली. ‘हे कोनीकडं जाते भाऊ?’

‘सरळ,’ मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही, हेच वाईट आहे. मला खरंच तसं वाटत होतं. बारा वर्षं डावीकडे मी जात होतो, माझा चष्मा जात होता, माझं कोपर जात होतं. निळ्या खोक्यातली गोळी डावीकडे कशी जाईल?

तिने आधी तिच्या नऊ मारल्या. शेवटी माझी, नेम सरळ मधोमध धरून. निरीक्षकाने टार्गेट आणून टेबलावर ठेवलं. नऊ भोकं काळ्यात जवळजवळ बसलेली. दहावं दोन बोटं डावीकडे. मी ती जागा लगेच ओळखली. माझ्या घरचा पत्ताच होता तो. त्याने तीनदा बेरीज केली, तीनही वेळा एकोणनव्वद आले. त्याने भिंग मिटून खिशात ठेवलं आणि ‘सॉरी बेटा’ म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

मामा रडायला लागले. ती नाही रडली. पोतं झटकून त्याची घडी केली, ओढणी नीट केली, आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, ‘भाऊ, तुमची बी डावीकडंच जाते का?’

‘हो.’

‘कवापासून?’

‘बारा वर्सं झाली.’

‘मंग सांगाचं होतं ना,’ ती म्हणाली, आणि गुडीहत्नूरची बस धरायला रस्त्याकडे गेली.

पुढच्या महिन्यात मुआयना झाला. डब्यात शिल्लक शून्य. काळ्या मेणचट गोळ्या आम्ही आधीच परत पाठवल्या होत्या. साहेबांनी वहीत शाबासकी लिहिली आणि नव्या गोळ्या भरपूर मंजूर केल्या. एका रविवारी कोणी नसताना मी रायफलीची मागची, नेम जुळवायची माशी दोन खटके उजवीकडे फिरवली आणि निळ्या पाच मारल्या. पाचही मधोमध. डॉक्टर नंतर आले, टार्गेट बघून म्हणाले, ‘मामांची पेन्सिल परत भेटली वाटते.’ मी हसलो नाही. दोन खटके. तिला दहा गोळ्या दिल्या असत्या तर ते तिला त्याच सकाळी कळलं असतं.

ती पुन्हा रेंजवर आली नाही. कागदावर आहे, दर वर्षी मी सुंदर अक्षरात लिहितो, महिला मेंबर एक. शिपायांच्या जागा निघाल्या, भरल्याही गेल्या. मी मंडईत जातो. सुरुवातीला तिची ओळ टाळून जायचो, पण वांगी तिच्याकडचीच चांगली असतात. पहिल्यांदा गेलो त्या दिवशी तिने वांगी तोलली, पिशवीत घातली आणि वर सांबाराची जुडी ठेवली.

‘नको,’ मी म्हणालो.

‘असू द्या भाऊ,’ ती म्हणाली. ‘मी सगळ्यायलेच देतो.’ आणि माझ्या मागच्या गिऱ्हाईकाला विचारलं, ‘बोला, काय देऊ?’